पूजेला मांडलेली गिटार

झेंडूची पिशवी हातात धरून केदारी उंबऱ्यातच थांबला. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच. सोप्यात दरवर्षी जिथे खंडेनवमीची पूजा मांडतात तिथे पाट होता, पाटावर विळी, कात्री, अडकित्ता, मुलाच्या स्कूटरची किल्ली आणि सुनेचा लॅपटॉप होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांहून उंच, आपल्या चार पायांवर त्याची पेडल स्टील गिटार उभी होती. कडेच्या लाकडावर हळदीची पाच बोटे ओढलेली, दहाही तारांवर शेवंतीची वेणी आडवी, भोवती रांगोळी. खाली पायाने दाबायच्या प्रत्येक पावडीवर कुंकवाचा टिळा होता.

"ह्ये कुणी केलं?" केदारीने विचारले.

"कोण करणार? मीच की," आतून अंजनी म्हणाली. "दुसरी चप्पल काढा आणि आत या. पूजा झालीया."

केदारीला आनंद झाला. नुसता झाला नाही, पोटात मावेनासा झाला. या बाईने गेली तीन वर्षे त्या वाद्याला 'खेळणं' याखेरीज दुसरे नाव दिले नव्हते. पाहुणे आले की ती सांगायची, म्हातारपणी आमच्या ह्यांना खेळणं लागलंय. त्याच खेळण्याला तिने आज हळदी-कुंकू वाहिले होते. केदारीने पिशवी खाली ठेवली, हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाच त्याला नियम आठवला.

खंडेनवमीला पुजलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचे नसते. माग असो, कोयता असो, लेथ असो, त्या दिवशी त्याला विश्रांती. आणि संध्याकाळी सात वाजता गल्लीच्या नवरात्र मंडळात केदारीचा कार्यक्रम होता.

आता ही गिटार काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे, कारण वडगावात अजूनही अर्धे लोक तिला इस्त्रीचे टेबल समजतात.

केदारी जातीचा विणकर. आधी हातमाग, मग दोन यंत्रमाग. तरुणपणी तो एका वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवायचा. लग्नसराईत त्याच्या अंगावर झगमगीत कोट असायचा. पुढे वाद्यवृंद मोडला, कोट मुलाने गॅदरिंगला फाडला, आणि केदारी मागांच्या खडखडाटात बसून मनातल्या मनात वाजवत राहिला. मग एक दिवस मुलाच्या मोबाईलवर त्याने एक परदेशी म्हातारा बघितला. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, आणि टेबलाखाली पायांनी पट्ट्या दाबायच्या. पट्टी दाबली की तार आतून ताणली जायची आणि सूर गळ्यातून चढावा तसा वर चढायचा.

"आरं, ह्यो तर मागच हाय की," केदारी म्हणाला.

दुसऱ्या कुणाला त्यात माग दिसला नसता. पण खड्ड्यात पाय सोडून खड्डामागावर बसलेल्या माणसाला कळते. खाली पायाने पावडी दाबायची, वर सूत उचलले जाते. इथे सुताच्या जागी तार होती, एवढाच फरक. केदारीची झोप उडाली. बाहेरून मागवायची तर त्या भावात यंत्रमाग आला असता, म्हणून तो सरळ गावाबाहेर मच्छेला, मष्णूकडे गेला.

मष्णू मूळ कंग्राळी गावचा. मच्छेत त्याचा एका लेथचा कारखाना. केदारीच्या मागांचे मोडलेले दाते तो वर्षानुवर्षे करून देत आलेला. त्याला सुरातले काही कळत नव्हते. सा आणि रे यांत अंतर किती, असे विचारले असते तर त्याने कॅलिपर आणायला सांगितला असता. पण केदारीने मोबाईल पुढे धरला तसा त्याने चष्मा लावला, टेबलाच्या पोटातल्या सळया बघितल्या आणि म्हणाला, "करू की. त्यात काय हाय?"

त्यात दोन वर्षे होती. केदारी मापे सांगायचा ती मागाच्या भाषेत, आणि मष्णू ऐकून घ्यायचा ती तशीच. पावड्या कशा? मागाला असतात तशा, लाकडाच्या, रुंद. अंतर किती? मागाला असते तेवढे. त्यामुळे सगळ्या जगात ज्या पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात आणि बुटाने दाबायच्या असतात, त्या या गिटारीत वीतवीतभर अंतरावर होत्या आणि अनवाणी पायाने दाबाव्या लागत. एकदा गोव्याचा एक गिटारवाला मुद्दाम बघायला आला. त्याचा पाय एका पावडीवरून दुसरीवर पोचेपर्यंत सूर मडगावला जाऊन परत आला असता. "हे वाद्य चुकलंय," तो म्हणाला. केदारीने त्याला चहा पाजला आणि बसस्टँडवर सोडले.

अंजनीचा राग मात्र वेगळा होता. गिटारीचे अंग केदारीने बापाच्या हातमागाच्या सागवानी तुळईतून काढले होते. माग मोडून माळ्यावर पडला होता हे खरे, पण लग्न होऊन आल्यावर अंजनी त्याच मागावर बसली होती, सासूने तिला त्याच्यावरच साडीचा काठ शिकवला होता. तुळई कापली त्या दिवशी आमटीत मीठ नव्हते. दुसऱ्या दिवशी आमटीच नव्हती. तरीसुद्धा तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची वेळ आली, ती केदारीच्या हातात तुटायला लागली, मष्णूच्या हातात तुटायला लागली, तेव्हा अंजनी "सरका दोघं" म्हणाली आणि सुताच्या कांड्या भरायच्या चरख्यावर तिने ती एका बैठकीत भरून दिली. वर म्हणाली, "घ्या तुमचं खेळणं."

वाद्य झाले. मष्णूने कारखान्यात तारांवर एकदा बोट मारले, एक ट्यांव आवाज आला, आणि त्याचे समाधान झाले. केदारीचे नाही. "मला पुरतं येऊ दे," तो म्हणाला. "येईल तवा तुला पुढं बसवून ऐकवतो. तंवर न्हाय." मष्णूही मोठा हट्टी, त्यानंतर तो वडगावात आला तरी गिटारीकडे पाठ करून बसायचा. केदारी रोज जेवण झाल्यावर वाजवायचा, चुकायचा, परत वाजवायचा. आता कुठे त्याला आपले वाजवणे दुसऱ्याला ऐकवण्याजोगे वाटू लागले होते, आणि नेमका आताच मष्णू गाव सोडून चालला होता. बायको गेल्यापासून त्याच्या मुलीचा, दिपालीचा, म्हैसूरला या म्हणून लकडा होता. लेथ त्याने दुसऱ्याला चालवायला दिला होता. उद्या दसऱ्याच्या पहाटे जावई गाडी घेऊन येणार होता. म्हणजे ऐकवायचे तर आजच.

केदारीला खंडेनवमी ठाऊक नव्हती असे नाही. पण हत्यार म्हटले की त्याच्या डोक्यात माग यायचा, आणि माग तर पाडव्यालाच विकले होते. यंदा आपल्या घरात बंद ठेवण्यासारखे काही उरलेच नाही, असे त्याने धरले होते.

सहा वाजता मंडळाचा अध्यक्ष नागेंद्र चार पोरे आणि हातगाडी घेऊन आला.

"अण्णा, उचलू काय?"

"हात लावायचा न्हाय," अंजनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "पुजलेलं हत्यार हाय. उद्या उजाडल्यावर न्या कुठं न्यायचं ते."

"काकी, फ्लेक्सवर नाव छापलंय."

"मग फ्लेक्स वाजवा."

नागेंद्रने केदारीकडे बघितले, केदारीने आढ्याकडे. इकडे आड, तिकडे विहीर. घरात अशा वेळी मार्ग काढायचे काम सुनेकडे, सौम्याकडे असते. ती गोकाकची, घरी कन्नड आणि बोलायला गोड. सासूशी भांडायची वेळ आली की मराठी मुद्दाम मोडकी करते.

"आत्या, माझा लॅपटॉप पण पूजेत आहे. ऑफिसचं काम नाही करायचं. पण पिक्चर बघितला तर चालतो की नाही?"

अंजनी विचारात पडली. "पिक्चर काय काम न्हवं."

"मग मामांची गिटार काम आहे की पिक्चर?"

पोरे हसली. अंजनी हसली नाही. तिने नवऱ्याकडे बघितले. "त्येंनीच सांगावं. ह्ये हत्यार न्हवं, नुसतं खेळणं हाय, असं त्येंच्या तोंडानं म्हणावं. मी आत्ता फुलं उचलते."

"म्हणा ना मामा," सौम्या म्हणाली. "एकदाच."

सोपे होते. एक शब्द, आणि गिटार हातगाडीवर. अंजनी रागावली नसती, तिने खरोखर फुले उचलली असती, आणि तेच केदारीला जड जात होते. त्याने तोंड उघडले. समोर हळदीची पाच बोटे होती. खाली बसता येत नाही म्हणून हल्ली केर काढायलाही बाई लावलेल्या अंजनीने गुडघे टेकून प्रत्येक पावडीला टिळा लावला होता. तीन वर्षे त्याने तिला सांगितले होते की हे खेळणे नाही, आणि ज्या दिवशी तिला ते पटले त्याच दिवशी त्याने ते खेळणे म्हणायचे? दुसऱ्या बाजूला मष्णू होता. आज इस्त्रीचा सदरा घालून तो मांडवात पहिल्या खुर्चीवर बसला असणार. केदारीच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"न्हाय," तो म्हणाला. "हत्यारच हाय ते."

"मग मी माईकवर काय सांगू?" नागेंद्र म्हणाला.

"सांग कायबी."

पोरे रिकामी हातगाडी घेऊन गेली. अंजनी आत वळली. "मागाबिगर खंडेनवमी कशी करू, सकाळपासनं कळंना," ती जाता जाता म्हणाली. "घरात चालतंय असं त्येवढंच एक राहिलंय." आणि आत जाऊन तिने त्याच्या पोळीवर एवढे तूप ओतले की सौम्याने दुसरी वाटी आणली.

केदारी मष्णूला कसे सांगायचे याची शब्द जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. मष्णू आत आला तो सदऱ्याच्या बाह्या वर सारतच. हातात पाना होता.

"कुठं तुटलं?"

"काय तुटलं?"

"माईकवर सांगितलं, तांत्रिक कारणामुळं गिटारवादन रद्द. पाचपन्नास माणसांत सांगितलं. माझ्या कामात तांत्रिक कारण? बाजूला हो, बघू दे मला."

"मष्ण्या, थांब. तुटलं न्हाय काय."

मष्णू थांबला. तीन वर्षे जिच्याकडे पाठ करून बसला होता तिच्याकडे त्याने आता तोंड करून बघितले. हळद बघितली, वेणी बघितली, पावड्यांवरचे टिळे बघितले. गुडघ्याने ढकलायच्या दोन दांड्या त्याने रात्ररात्र कानशीने घासून गोल केल्या होत्या. त्यांनासुद्धा अंजनीने कुंकू लावले होते. हातातला पाना कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो पाटावर, अडकित्त्याच्या शेजारी ठेवला.

"वाजवायचं न्हाय व्हय आज?"

"उद्या उजाडल्यावर," केदारी म्हणाला. "मी खेळणं म्हटलो असतो तर वाजवाय गावलं असतं. म्हणवंना."

केदारीला वाटले आता हा चिडेल. मष्णू चिडला नाही. "बरं केलास," तो म्हणाला. "सकाळी मीबी लेथला हार घातलो. शेवटचा. मी पुजलेल्या लेथला हात लावत न्हाय, आणि तुला कशाला लाव म्हणू?" मग तो वाकला, आणखी वाकला, आणि गिटारीच्या पोटाखाली बघू लागला. "वैनी, आतल्या सळयांना कुंकू न्हाय लावलंय."

"हात पोचला न्हाय," अंजनी म्हणाली.

मष्णूने करंडा मागितला. इस्त्रीच्या सदऱ्याची पर्वा न करता तो फरशीवर उताणा झाला, रांगोळीला धक्का न लावता पोटाखाली सरकला, आणि एकेका सळईला करंगळीने कुंकू लावू लागला. बराच वेळ त्याचे पायच तेवढे दिसत होते. केदारी त्या पायांशी उकिडवा बसून म्हणाला, "उद्या कवा निघतोस?"

"जावई म्हणतोय उजाडायच्या आत."

"उजाडू दे की रं जरा."

मष्णूने शेवटच्या सळईला कुंकू लावले. बाहेर आल्यावर मष्णूने जावयाला फोन लावला आणि सांगितले की वडगावात एकाकडे काम राहिलंय, जाताना तिकडून जाऊ. केवढं काम, असे जावयाने विचारले असावे. "पाच मिन्टाचं," मष्णू म्हणाला आणि केदारीकडे बघून त्याने डोळा मारला.

दसऱ्याच्या सकाळी अंजनीची अंघोळ उजाडायच्या आधी झाली होती. शेजारच्या गच्चीवर पहिले ऊन दिसले तसा तिने नारळ फोडला, वेणी उचलली, तारा पदराने पुसल्या. तरी हळद राहिलीच. केदारीने तारांवर लोखंडी कांडी फिरवून बघितली तेव्हा गिटार कोंबडीसारखी कुरकुरली. सौम्या खो खो हसत ओले फडके घेऊन आली. तेवढ्यात दाराशी गाडी लागली. मागच्या काचेतून गाद्या आणि एक पितळी बंब दिसत होता. मष्णू उतरला, जावई स्टिअरिंगवरच बसून राहिला.

खुर्ची मांडलेली होती. मष्णू खुर्चीवर बसला नाही. तो खाली फरशीवर बसला, गिटारीच्या समोर, जिथून पोटातल्या सळया दिसत होत्या.

अंजनीने केदारीला बजावले, "पहिली वीत हाय. मधी उठायचं न्हाय."

या घराची ती रीत होती. दसऱ्याच्या सकाळी मागावर पहिल्यांदा बसले की वीतभर कापड झाल्याशिवाय उठायचे नाही, दारात कोणीही येवो. मधे उठले तर वर्षभर सूत तुटत राहते, असे केदारीची आई म्हणायची. केदारीने मान हलवली, पाय पावड्यांवर ठेवले आणि पहाटेचे काहीतरी, नाव नसलेले, सावकाश वाजवायला घेतले.

पहिल्या दोन सुरांत तो चाचरला. मग पाय सुटले. पावडी दाबली की मधला सूर उंच होत जायचा, सोडली की अलगद खाली उतरायचा, आणि उतरतानासुद्धा मागे थोडा वेळ रेंगाळायचा. सौम्या फडके हातात धरून उभीच राहिली. मष्णूचे लक्ष केदारीच्या हाताकडे नव्हतेच. पावडी खाली गेली की कुंकू लावलेली सळई पुढे सरकत होती, आणि परत जागेवर येत होती. त्याने एकेक सळई सुटी केली होती, सुटी घासली होती. सगळ्या मिळून चालताना तो आज पहिल्यांदा बघत होता. सूर चढला की त्याच्या भुवया वर जात. त्याला गाणे कळत होते की नाही कोण जाणे, पण तो हसत होता.

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

मष्णू गुडघ्यावर हात ठेवून उठला. केदारीने वर बघितले, त्याचे हात क्षणभर अडखळले.

"उठू नगोस," मष्णू म्हणाला. "वीत होऊ दे."

तो जवळ आला. केदारीचे दोन्ही हात तारांवर, दोन्ही पाय पावड्यांवर, गळाभेट घ्यायची कशी? मष्णूने गिटारीच्या सागवानी कडेवर तळहात टेकवला, लाकडातून येणारी थरथर हाताला लागली तशी तो तिथेच जरा थांबला, आणि मग बाहेर गेला. अंजनी मागोमाग गेली. सोने खरे म्हणजे संध्याकाळी लुटायचे, पण तिने आपट्याची पाने सकाळीच त्याच्या हातात ठेवली, आणि तो पाया पडायला वाकला तेव्हा "असू दे भावजी, असू दे" एवढेच तिला म्हणता आले.

गाडीचे दार लागले. गाडी गल्लीतून सावकाश निघाली, कारण रात्रीचा मांडव अजून रस्त्यातच होता. केदारीला ती दिसत नव्हती. तो वाजवत राहिला, पण थोडे मोठ्याने, उजव्या पायाखालच्या आवाजाच्या पावडीने आवाज वाढवत, गाडी वळेपर्यंत. वळणावर मष्णूने काच खाली केली असेल, अशी त्याची खात्री होती.

मग गल्ली शांत झाली. अंजनी आत येऊन, मष्णूसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

"झाली की वीत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "उठा, चहा घ्या."

केदारीने मान हलवली आणि पावडी पुन्हा दाबली. अंजनी उठली नाही, आणि तिने दुसऱ्यांदा सांगितलेही नाही.